घरचे बर्गर बन कडक किंवा वातड होत असतील तर: दोष शोधण्याचा क्रम

घरचा बर्गर बन बिघडण्याच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. परंतु प्रत्येकीचे मूळ निराळे असल्यामुळे, उपायाला हात घालण्यापूर्वी बन पूर्ण गार होऊ द्यावा, सुरीने मधोमध आडवा कापावा आणि खालीलपैकी कोणते वर्णन त्याला लागू पडते ते पाहावे. गरम असताना कापलेला चांगला बनसुद्धा आतून चिकट आणि कच्चट दिसतो, आणि मग निदान पहिल्याच पायरीवर चुकते.

लक्षणे

• संध्याकाळी ओव्हनमधून काढला तेव्हा मऊ होता, दुसऱ्या दिवशी सकाळी वातड झाला.
• मुळात फुगलाच नाही. हाताला जड लागतो आणि आतली जाळी बारीक व दाबलेली दिसते.
• फुगला, परंतु वरचे कवच जाड व कडक आहे, आतून कोरडा आहे आणि टिक्की ठेवून चावल्यावर त्याचा चुरा पडतो.
• आधी भरपूर फुगला आणि नंतर बसला. वर सुरकुत्या आहेत आणि वास आंबूस येतो.
• कडेला फाटला आहे, किंवा तळ करपून वरची बाजू फिकट राहिली आहे.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे बन-ब्रेड शिकायला येणारी मंडळी आणि डब्यात बिघडलेला बन घेऊन येणारे शेजारी यांच्याकडून बहुतेक वेळा पहिली, दुसरी किंवा तिसरी तक्रार ऐकू येते, आणि तिघींच्या मुळाशी फार वेळा एकच कारण निघते. पीठ हाताला चिकटले की मनुष्य घाबरतो आणि ओट्यावर मूठभर मैदा भुरभुरतो. पुन्हा चिकटले की पुन्हा एक मूठ. मळून होईपर्यंत पिठातील पाण्याचे प्रमाण इतके उतरलेले असते की त्यापुढे यीस्ट, ओव्हन किंवा लोणी यांपैकी कोणीही तो बन मऊ करू शकत नाही. तरीही तपासणी क्रमानेच करावी आणि एका घाण्यात एकच गोष्ट बदलावी. कारण चार गोष्टी एकदम बदलून बन सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच दोष पुन्हा उभा राहतो.

पुढील सर्व आकडे सहा बनांच्या घाण्यासाठी आहेत: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, उकळून कोमट केलेले दूध १०० मिलिलिटर, साखर २५ ते ३० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. यांतून प्रत्येकी सुमारे ९० ते ९५ ग्रॅमचे सहा गोळे होतात.

भाजल्यानंतरची हाताळणी

ही तपासणी फुकटात होते, म्हणून ती प्रथम करावी. पहिल्या लक्षणाचा निकाल पुष्कळदा येथेच लागतो. बन ओव्हनमधून काढल्याबरोबर त्यावर ब्रशने थोडे लोणी लावावे, पाच मिनिटांत ट्रेमधून जाळीवर घ्यावेत आणि वर स्वच्छ सुती फडके झाकावे. बनाच्या आतून बाहेर पडणारी वाफ फडक्याखाली थोडा वेळ अडते आणि कवच नरम पडते. उघड्यावर पंख्याखाली ठेवलेल्या बनाचे कवच मात्र अर्ध्या तासात कोरडे होते. पूर्ण गार झाल्यावरच बन पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, कारण गरम असताना बांधले तर पिशवीला आतून पाणी सुटते, तळ ओला होतो आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

बन फ्रिजमध्ये ठेवू नयेत. शिळेपणा हा केवळ पाणी उडून गेल्याचा परिणाम नसतो. भाजताना फुललेला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा स्फटिकासारखा बांधला जातो आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते, म्हणून घट्ट बंद डब्यातला बनसुद्धा तेथे एका रात्रीत वातड होतो. एक-दोन दिवसांसाठी ओट्यावरील बंद डबा पुरेसा आहे. अधिक दिवस ठेवायचे असतील तर थेट फ्रीझरमध्ये टाकावेत. वातड झालेला बन इडलीपात्रात मिनिटभर वाफवून पुन्हा मऊ होत असेल, तर दोष पिठात नसून साठवणुकीत आहे असे समजावे आणि पुढचे सारे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

यीस्ट

दुसरे लक्षण दिसले की सगळा राग यीस्टवर निघतो. तो नेहमीच रास्त नसतो, पण तपासणी दहा मिनिटांची आणि दोन रुपयांची असल्यामुळे ती उरकून घ्यावी. अर्धी वाटी कोमट पाण्यात एक चमचा साखर विरघळवून त्यात एक चमचा यीस्ट टाकावे. दहा मिनिटांत वर जाड फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. नुसते गढूळ पाणी राहिले तर पाकीट टाकून द्यावे. कोमट म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअस, बोट बुडवून निवांत ठेवता येईल इतपत. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरते, आणि ‘जरा गरमच बरे’ या भावनेने ओतलेल्या दुधाने चांगले यीस्ट मारल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

बाजारातून सुटे यीस्ट घेतले असेल तर ते केव्हा उघडले गेले हे कळण्याचा मार्ग नसतो. त्यापेक्षा तारीख छापलेले लहान पाकीट घ्यावे आणि उघडल्यावर हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावे. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येते, अॅक्टिव्ह ड्राय यीस्ट मात्र आधी कोमट पाण्यात भिजवावे लागते. पाकिटावर यांपैकी काय लिहिले आहे ते एकदा वाचून घ्यावे.

वजन, आणि त्यातही दुधाचा हिशेब

येथून खरा शोध सुरू होतो. वाटीने मोजलेला मैदा फसवतो: चाळून हलक्या हाताने भरलेल्या एका कपात १२० ग्रॅम मैदा बसतो, तर डब्यात कप खुपसून भरला की तोच आकडा १५० ग्रॅमपर्यंत जातो. अडीच कपांच्या कृतीत हा फरक ७५ ग्रॅमचा होतो. पाणी तेवढेच ठेवले, तर ३०० ग्रॅम मैद्याला १८५ मिलिलिटर म्हणजे सुमारे ६२ टक्के पाणी मिळते, आणि ३७५ ग्रॅमला जेमतेम ४९ टक्के. पहिले पीठ बनाचे झाले, दुसरे पुरीचे. स्वयंपाकघरात काही शे रुपयांचा डिजिटल काटा आणल्यावर ज्यांची तक्रार कायमची मिटली अशी घरे माझ्या माहितीत बरीच आहेत, म्हणून नवे यीस्ट, नवा मैदा किंवा नवा ओव्हन यांवर खर्च करण्यापूर्वी हा काटा घ्यावा असा माझा आग्रह असतो.

कोल्हापुरात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे घरोघर येणारे दूध बहुधा म्हशीचे असते, आणि ‘पाण्याऐवजी दूध घाला, बन मऊ होतो’ हा सल्ला ऐकून पुष्कळ जण सगळे पाणी काढून टाकून तेवढेच दूध घालतात. म्हशीच्या दुधात सुमारे १७ टक्के घन पदार्थ असतात. म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून पिठाला प्रत्यक्षात १६५ मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळते, आणि ते दूध उकळून आटले असेल तर त्याहूनही कमी. पीठ घट्ट का झाले याचा शोध मग यीस्टच्या पाकिटावर घेतला जातो. अर्धे दूध व अर्धे पाणी हे प्रमाण म्हणूनच वर दिले आहे. सगळे दूधच घालण्याची इच्छा असेल तर ते २२० ते २२५ मिलिलिटर घ्यावे. दुधातील स्निग्धांशाने जाळी मऊ होते हे खरे, परंतु पाण्याची भरपाई तो करत नाही.

दूध उकळलेलेच वापरावे. कच्च्या दुधातील काही प्रथिने (दूध नासल्यावर सुटणाऱ्या पाण्यात उतरतात ती) ग्लूटेनची, म्हणजे मैद्यातील प्रथिनांच्या चिवट जाळ्याची, पकड सैल करतात आणि बन बसका होतो. उकळल्याने हा दोष बराच जातो. घरात दूध तापवण्याचीच पद्धत असल्याने ही अडचण सहसा येत नाही, पण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून आणलेले धारोष्ण दूध उत्साहाने थेट पिठात ओतणारेही असतात. ते दूध प्यावे; पिठासाठी मात्र उकळून घ्यावे.

पावसाळ्यात उघड्या डब्यातील मैदा हवेतील ओल शोषून घेतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दहा-पंधरा मिलिलिटर पाणी हातचे राखून मग पाहून घालावे. साखरेऐवजी गूळ घातल्यास तो कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. चव उत्तम येते, मात्र रंग लवकर धरतो.

मळणे

पाणी बरोबर असूनही बन गच्च होत असेल तर मळण्याकडे पाहावे. भाकरीवर तयार झालेला हात येथे थोडा आड येतो. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसते, त्यामुळे ते तळहाताने रगडून एकजीव करावे लागते. मैद्याला नुसते रगडून भागत नाही, त्याला ताणावे लागते. एका हाताने गोळ्याचे टोक धरावे, दुसऱ्या हाताच्या मनगटाकडील भागाने पुढे लोटत ताणावे, घडी घालावी, पाव वळसा फिरवावे, पुन्हा ताणावे. सुरुवातीची चार-पाच मिनिटे पीठ हाताला, ओट्याला, बोटांच्या बेचक्यांना चिकटत राहते. या मिनिटांत मैद्याच्या डब्याकडे हात जाऊ देऊ नये. एका हातात पातळ उलथने घेऊन ओट्यावरचे पीठ खरवडत राहावे आणि मळत राहावे.

इतके चिकट पीठ सोसवत नसेल तर एक आळशी परंतु खात्रीचा मार्ग आहे. मैदा, दूध, पाणी, साखर आणि यीस्ट चमच्याने नुसते कालवून, झाकून, वीस मिनिटे बाजूला ठेवावे. तेवढ्या वेळात मैदा पाणी पिऊन घेतो आणि ग्लूटेन आपोआप जुळू लागते. झाकण काढल्यावर तेच पीठ निम्मे चिकटते. मग मीठ घालून मळावे आणि लोणी सर्वांत शेवटी, थोडे थोडे करून जिरवावे. लोणी सुरुवातीलाच घातल्यास मैद्याच्या कणांवर चरबीचा थर बसतो आणि ग्लूटेन जुळायला उशीर लागतो. लोणी घातल्यावर पीठ एकदम फाटल्यासारखे, ओशट दिसते. दोन-तीन मिनिटांत ते पुन्हा सावरते, म्हणून तेथे धीर सोडू नये.

मळणे पुरे झाले की नाही हे घड्याळ सांगत नाही. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता तयार झाला तर पीठ तयार आहे. ताणताच दातेरी कडा होऊन फाटले तर आणखी पाच मिनिटे मळावे. हाताने साधारण १२ ते १५ मिनिटे लागतात.

फुगवणे

कृतीत ‘एक तास’ लिहिलेले असते, आणि हा तास कोणत्या गावातला व कोणत्या ऋतूतला हे कोणी लिहीत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावरचे पीठ पाऊण तासात दुप्पट होते. डिसेंबरच्या सकाळी त्याच पिठाला दोन तासही पुरत नाहीत. चौथे लक्षण उन्हाळ्यात अधिक दिसते आणि दुसरे व पाचवे थंडीत, ते यामुळेच. पीठ सरळ कडांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून बाहेरून पातळीला खूण करावी, म्हणजे दुप्पट झाले की नाही हा वाद उरत नाही. थंडीत बंद ओव्हनमध्ये पिठाशेजारी गरम पाण्याचे पातेले ठेवावे. उन्हाळ्यात पाणी गार वापरावे.

गोळे वळल्यानंतरचे दुसरे फुगवणे घाईत उरकले जाते, आणि कडेला फाटलेल्या बनाचे कारण प्रायः तेच असते: आतली हवा ओव्हनमध्ये एकदम फुगते, कवच तोवर घट्ट झालेले असते, मग ती मिळेल तेथून वाट काढते. बोटाला मैदा लावून गोळ्याच्या कडेला हलकेच दाबावे. खळगा लगेच भरून आला तर आणखी थांबावे. सावकाश व अर्धवट भरून आला तर ओव्हनमध्ये घालावे. तसाच राहिला तर वेळ उलटून गेली आहे. या काळात गोळ्यांवर ओलसर फडके न टेकता झाकून ठेवावे, कारण वाळलेली साय धरलेला गोळा नीट फुगत नाही. ट्रेमध्ये गोळ्यांत दोन-तीन सेंटिमीटरच अंतर ठेवल्यास फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि कडा मऊ राहतात.

ओव्हन

तिसरे लक्षण, म्हणजे जाड कवच आणि कोरडे पोट, कमी तापमानावर फार वेळ भाजल्याने येते. वरून करपेल या भीतीने ओटीजीचे (घरगुती विजेच्या लहान ओव्हनचे) बटण १५० वर ठेवून चाळीस मिनिटे भाजलेला बन शिजत नाही, सुकतो. नव्वद ग्रॅमच्या बनाला १८० ते १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटे पुरतात. रंग आधी धरू लागला तर वर अॅल्युमिनियमची फॉइल सैल ठेवावी, तापमान उतरवू नये. पोटात खुपसण्याचा थर्मामीटर असेल तर ९० ते ९५ अंश दिसताच बन काढावा. पंख्याच्या कन्व्हेक्शनवर भाजत असाल तर १५-२० अंश कमी ठेवावेत, कारण फिरती हवा पृष्ठभाग लवकर सुकवते.

बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत लहान ओटीजीमध्ये मोठे अंतर असू शकते, म्हणून आत ठेवण्याचा साधा ओव्हन थर्मामीटर ही या यादीतील दुसरी खरेदी. रिकामा ओव्हन १९० वर लावून वीस मिनिटांनी तो वाचावा. अंतर नेहमी सारखेच, समजा २५ अंश कमी, येत असेल तर दुरुस्तीची गरज नाही. बटण तेवढे पुढे लावावे. ज्या भागात संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेथे हाच प्रयोग दुपारीही करून पाहावा: कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ती सुमारे तीन-चतुर्थांशच उरते आणि ओव्हन तापायला फार वेळ लागतो. तळ करपत असेल तर ट्रे मधल्या कप्प्यावर घ्यावा आणि खालची-वरची दोन्ही कॉइल चालू आहेत ना ते पाहावे.

शेवटचे दोन उपाय

एवढे सगळे जुळूनही बन दुसऱ्या दिवशी हवा तसा मऊ राहत नसेल, तर मैदा बदलावा. पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिने ९ ग्रॅमपेक्षा कमी असतील तर तो मैदा बिस्किटांना बरा. बनासाठी १० ते ११ पाहावे. घरच्या गव्हाची कणीक घालायची असल्यास एकूण पिठाच्या पाव हिश्शापेक्षा अधिक घालू नये, आणि पाणी थोडे वाढवावे.

दुसरा उपाय खळीचा. ठरलेल्या मैद्यातून २० ग्रॅम व ठरलेल्या पाण्यातून १०० मिलिलिटर काढून मंद आचेवर ढवळत राहावे. चमचा फिरवल्यावर तळाशी रेघ उमटू लागली, म्हणजे ६५ अंशांच्या आसपास, की उतरवून गार करावे आणि उरलेल्या पिठात मिसळून मळावे. शिजलेला स्टार्च बरेच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पीठ फार न चिकटता त्यात अधिक पाणी मावते आणि शिळेपणा एखादा दिवस लांबतो. दुकानातला बन तीन-चार दिवस मऊ राहतो तो एन्झाइम व इमल्सिफायर यांच्या जोरावर. घरच्या बनाकडून तशी अपेक्षा ठेवू नये आणि त्यासाठी ‘इम्प्रूव्हर’ म्हणून मिळणारी विनालेबल पुडी आणू नये. पूर्वी ब्रेडमध्ये वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्याकडे २०१६ मध्ये बंदी आली आहे.

कुठे थांबावे

बन कापल्यावर आत चिकट तार सुटत असेल आणि पिकून नासलेल्या फळासारखा वास येत असेल, तर तो कच्चेपणा नव्हे. उष्ण व दमट हवेत वाढणाऱ्या जिवाणूंचा हा दोष आहे, त्यांचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात. असा संपूर्ण घाणा टाकून द्यावा, परात, फडकी व ट्रे गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धुवावेत, मैदा बदलावा. बन विकत असाल आणि हा प्रकार पुन्हा झाला, तर ऑर्डर थांबवून अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा. घरगुती उपाय करीत बसू नये.

ओव्हनच्या बाबतीत सीमा अधिक स्पष्ट आहे. हात लावल्यावर झिणझिण्या येणे, लावताच एमसीबी (वीजपुरवठा आपोआप तोडणारे मीटरजवळचे सुरक्षा-बटण) पडणे, प्लग किंवा वायर तापून प्लास्टिक जळल्याचा वास येणे, काचेला तडा जाणे, एक कॉइल लाल न होणे, अथवा थर्मामीटरचा आकडा दर वेळी निराळा येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर प्लग काढावा आणि जाणकार मेकॅनिकला बोलवावे. मागचे झाकण स्वतः उघडू नये. ओटीजी नेहमी १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावावा, मल्टिप्लगवर नव्हे. अर्थिंग आहे की नाही याची शंका असेल तर ओव्हनच्या मेकॅनिकच्या आधी घराचे वायरिंग पाहणारा परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवावा. मेकॅनिक येण्यापूर्वी, ओव्हन लावताना झटका, वास, काचेचा तडा किंवा एमसीबीची तक्रार नसेल तरच, रिकामा ओव्हन १९० अंशांना पोहोचायला किती मिनिटे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर आकडा किती वरखाली होतो हे कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे बिघाड थर्मोस्टॅटचा की कॉइलचा हे त्याला लवकर कळते आणि चांगला सुटा भाग उगाच बदलला जात नाही.